धर्माबाबांच्या खाटेवरचं जाळं

डहाणूला मी गेले ती जुनी जाळी गोळा करायला. परत येऊन आता महिना झाला. लोक विचारतात, समुद्र कसा आहे, चिकू आणलेस का. समुद्र छान आहे, चिकूही आणले. पण त्या पाच दिवसांतलं जे खरं सांगायला हवं, ते समुद्रापासून बरंच आत, डोंगराच्या बाजूला घडलं.

मी पुण्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. माझा विषय ऐकला की लोक क्षणभर थांबतात आणि मग दुसरंच काही बोलू लागतात. मऊ तंतूंची जाळी ओढली, दाबली, त्यांच्यावर काही आपटलं तर ती कशी वागतात, हा तो विषय. कापसाचा पेळू, घोंगडी, मासे धरायचं जाळं, आपल्या अंगावरची कातडी, सगळी एकाच घराण्यातली. आणि असं जाळं मातीसारख्या दुसऱ्या पदार्थात घातलं की दोघं मिळून तिसरंच काही होतं, तेही आम्ही तपासतो. कोळ्यांची टाकाऊ जाळी मातीच्या गिलाव्यात घालून धक्का सोसणारी भिंत करता येईल का, हे आमचं सध्याचं काम. प्रयोगशाळेत आम्ही नवी जाळी वापरली होती. प्रत्यक्षात मिळणार जुनी, म्हणून जुनी हवी होती.

चिखले

माझ्या एका विद्यार्थिनीची आई, हेमलताताई, चिखल्याला राहतात. नवऱ्याची बोट आहे. मासळी सुकवणं आणि ती आतल्या बाजारांत नेऊन विकणं हेमलताताईंकडे. मी पोचले तेव्हा अंगणात बांबूंवर बोंबील टांगलेले होते, जबडे एकमेकांत अडकवून, ओळीनं. वाऱ्यावर ती सगळी ओळ एकदमच हलायची.

"मॅडम, वासाची सवय होईल उद्यापर्यंत," त्या म्हणाल्या.

जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण होतं. आमच्याकडे कालवणात कांदा-खोबऱ्याचं वाटण लागतंच. इथे नुसती चिंच, लसूण आणि मिरची, आणि चव अशी की मी तिसरी भाकरी मागितली. जेवताना मी जाळ्यांचं काम सांगितलं. हेमलताताई ऐकत होत्या, मग एकदम म्हणाल्या, "आमचं एक जाळं तर डोंगरात गेलंय. घराच्या छताला बांधलंय."

तलासरीच्या बाजूला काही वर्षांपासून जमीन अधूनमधून हादरते. कधी महिनोन्‌महिने काही नाही, कधी एका आठवड्यात चार-चार धक्के. सायवनच्या बाजारात हेमलताताईंकडून सुकट घेणारी जमनी नावाची बाई आहे. तिचा सासरा ताडावरून पडला, तेव्हापासून त्याचे पाय लुळे. धक्का आला की सगळे बाहेर पळतात, तो खाटेवरच राहतो. मागे एकदा कौल सुटून त्याच्या खांद्यावर पडलं. जमनीनं बाजारात रडत हे सांगितलं, आणि हेमलताताईंनी पुढच्या खेपेला एक जुनं जाळं नेऊन दिलं. खाटेच्या वर, कौलांच्या खाली बांधायला.

माझा हात ताटातच राहिला. आम्ही दोन वर्षं प्रयोगशाळेत ज्या धक्क्यांची नक्कल करत होतो, ते खरे धक्के सोसायला एक जुनं जाळं एका घरात लटकत होतं. "मला दाखवाल का?" मी विचारलं.

सायवनच्या पुढे

दुसऱ्या दिवशी गंजाडमार्गे आत गेलो. चिकूच्या वाड्या मागे पडल्या, भात कापून मोकळी झालेली खाचरं लागली, आणि सायवन सोडल्यावर तलासरीच्या दिशेला एका पाड्याशी जीपनं आम्हाला सोडलं. तिथून पुढे चालत.

वाटेत पहिलंच घर विटांचं होतं. त्याच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत फट पडली होती, तळहात आत जाईल एवढी. घर रिकामं होतं. जमनीचं घर मात्र कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर पेंढ्याचे तुकडे घातलेली शेणमाती लिंपायची. त्या मातीलाही तडे होते, पण बारीक, जाळीसारखे पसरलेले. भिंत जागची हलली नव्हती. मी बोट फिरवून पाहिलं. प्रत्येक तड्यात पेंढ्याची काडी आडवी होती, दोन्हीकडची माती धरून. वर्गात हे शिकवायला मला दोन तास लागतात.

"भिंत माझी आहे," अंगणातून आवाज आला. "बांधली तेव्हा माझे पाय चालत होते."

हे धर्माबाबा, जमनीचे सासरे. उन्हात गोधडीवर बसवले होते, पाठीला भाताच्या पेंढ्यांचा टेकू. बारीक, काळेभोर, डोळे फार तल्लख. जमनी तिशीतली. नवरा वापीला कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी येतो. आपसांत ती दोघं त्यांच्या बोलीत बोलत, ती मला निम्मी कळे. माझ्याशी मराठीत.

आत जाऊन जाळं पाहिलं. चारही बाजूंनी खांबांना आणि वरच्या तुळईला बांधलेलं, खाटेच्या वर दीडेक हात. हिरवट नायलॉनचं, थोडं विटलेलं. मी उशाकडून ओढून पाहिलं, भार टाकून पाहिलं. मग बाहेरून एक सुटं कौल आणलं आणि दारातूनच उशाकडच्या बाजूला वर फेकलं. कौल जाळ्यात पडलं, जाळं थोडं खाली आलं, दोनदा झुललं आणि थांबलं. आणखी दोन टाकली. तीही धरली.

बाहेरून पाहणारे शेजारी हसले. मलाही बरं वाटलं. मऊ जाळ्याचा हाच गुण. आधी ते ओढीला काहीच विरोध करत नाही, नुसतं खाली येतं. तेवढ्यात त्याचे धागे वळून ओढीच्या दिशेला लागतात आणि मग ते एकदम ताठ होतं. मार अंगावर न घेता मुरवून घेतं. मी हे सगळं जमनीला समजावून सांगितलं, हातांनी दाखवून.

तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे टिकेल ना, ताई?"

"टिकेल," मी म्हणाले.

नंतर नागलीची भाकरी आणि भाजलेल्या सुकटीची चटणी खाताना कळलं की त्या एका शब्दावर काय अवलंबून होतं. धक्के सुरू झाले की रोज संध्याकाळी जमनी आणि शेजारचा काळू धर्माबाबांना उचलून अंगणातल्या मांडवात नेत. उचलताना कण्यातून कळ जाई आणि ते ओरडत. थंडीत त्यांना खोकला लागला होता, पाठीला जखम झाली होती. गेले आठ दिवस पुन्हा हादरे बसत होते, म्हणून हे रोज चाललं होतं.

"आजपासून मला उचलू नका," धर्माबाबा जमनीला म्हणाले. "बाय शिकलेली आहे. ती सांगते टिकेल."

जमनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

पुन्हा चिखले

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हेमलताताईंच्या अंगणात नमुने घेऊन बसले. त्याच जाळ्याचा उरलेला भाग त्यांच्याकडे होता. जमनीच्या जाळ्याची उशाकडची एक कडही मी कापून आणली होती. मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा त्यांच्याकडून घेतला, एक एक धागा त्याला अडकवून ओढायचा आणि तुटेल तिथला आकडा लिहायचा. कंटाळवाणं काम, मला आवडतं.

उशाकडचे धागे चांगले ओढ खात होते. मग उरलेल्या भागातले घेतले. पहिला धागा हातात घेतला आणि काटा नीट हलायच्या आतच तो टकदिशी तुटला. वाटलं, गाठ असेल. दुसरा घेतला. तोही. पाचही असेच तुटले. निम्म्या ताकदीलाही यातला एक पोचत नव्हता.

"हेमलताताई, हे जाळं तुम्ही कुठे ठेवलं होतं?"

त्या बोंबील उतरवत होत्या. "ते? सुकट कावळ्यांनी नेऊ नये म्हणून मांडवावर टाकलं होतं. दोन उन्हाळे."

"सगळं?"

"नाय, निम्मं. निम्मं गुंडाळून आत होतं. जमनीला दिला तो मधला तुकडा. थोडा उन्हातला, थोडा आतला."

ऊन नायलॉनला आतून खातं. वरून रंग जरा उडतो, बाकी काही दिसत नाही. मी कौलं टाकली होती दारातून, उशाकडे. तो आतला, चांगला भाग. पायांकडची, म्हणजे उन्हातली, बाजू मी तपासलीच नव्हती. आणि जाळ्यात एक डोळा, म्हणजे धाग्यांचा एक चौकोन, तुटला की त्याचं ओझं शेजारच्या डोळ्यांवर जातं. शेजारी भक्कम असले तर तिथेच थांबतं. तेही कुजलेले असले तर ओळच्या ओळ उसवत जाते. शिवाय मी तीन कौलं टाकली होती, एकेक करून. छप्पर घसरलं तर ती अशी एकेक पडत नाहीत.

आणि त्या जाळ्याखाली एक माणूस माझ्या सांगण्यावरून झोपला होता.

जमनीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. हेमलताताईंनी काळूचा नंबर शोधला, तोही बंद. आम्ही असे उभे असतानाच ओट्यावरची ताटं किणकिणली. अगदी हलकेच, कुणी ट्रक जवळून न्यावा तशी. रस्ता रिकामा होता.

हेमलताताईंनी ताटांकडे पाहिलं. "इथे एवढं, म्हणजे तिथे..."  त्यांनी बोंबलांची पाटी खाली ठेवली, पदर खोचला. "चला मॅडम."

त्या प्रवासातलं मला फारसं आठवत नाही. डहाणूपर्यंत रिक्षा, पुढे जीप. जीपवाला माणसं भरल्याशिवाय निघेना, तेव्हा हेमलताताई त्याच्यावर अशा काही ओरडल्या की त्यानं मुकाट्यानं गाडी चालू केली. मी वाटभर फोन लावत होते. प्रत्येक वेळी तीच बाई सांगत होती, संपर्क होऊ शकत नाही. आपण एखाद्याला धीर देताना किती सहज मान हलवतो, एवढंच डोक्यात येत होतं.

पाडा

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पाड्यातली माणसं घराबाहेर उभी होती. जमनी आम्हाला पाहून पुढे आली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

"ताई, बरं झालं आलात. बघा या."

आत धर्माबाबा खाटेवर पडून होते. त्यांच्या डोक्याच्या वर, उशाकडे, जाळ्यात पाच कौलं अडकली होती.

"तुम्ही सांगितलंत तस्सं," जमनी म्हणाली. "एकही खाली आलं नाय."

"जमनी, माझं चुकलं," मी म्हणाले. "जाळं निम्मं खराब आहे. बाबांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढायचं. काळूला बोलाव."

ती समजली नाही. पाच कौलं धरलेलं जाळं समोर होतं आणि मी ते टिकणार नाही म्हणत होते. "पण ताई, काल तर..."

"काल मी नीट पाहिलं नव्हतं."

तिचं हसू गेलं. तिनं दारातून काळूला हाक मारली. तो येऊन पायांकडे उभा राहिला, मी गोधडीचं एक टोक धरलं. धर्माबाबा म्हणाले, "हळू रे," आणि त्याच वेळी जमिनीखालून आवाज आला. आधी आवाज येतो हे मी ऐकलं होतं. खोल कुठेतरी सुरुंग उडावा तसा. मग पायांखालची जमीन झटक्यानं बाजूला सरकली आणि परत आली.

छताची पायांकडची बाजू घसरली. कौलं खळाळत जाळ्यात आली. जाळं खाली, आणखी खाली आलं आणि धर्माबाबांच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबलं. धुरळ्यात काही दिसेना. काळू मागे भिंतीवर फेकला गेला होता. मी गुडघ्यांवर होते, गोधडीचं टोक अजून हातात.

हादरा थांबला. मग शांततेत ऐकू आलं, टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्.

पायांकडच्या बाजूला एकेक डोळा तुटत होता.

"कुणी हलू नका," मी म्हणाले.  काळूनं एक कौल काढायला हात घातला होता, तो मी अडवला. एक काढलं तर बाकीची सरकणार होती, आणि सरकणार होती ती खराब बाजूला. गोधडी ओढावी तर धर्माबाबांचा गुडघा जाळ्याच्या पोटाला लागत होता. काय करू नये हे मला सगळं माहीत होतं. काय करावं ते सुचत नव्हतं.

"बाय," जाळ्याखालून धर्माबाबा म्हणाले, अगदी सावकाश, "तू बाहेर जा. तुझं वय हाय अजून."

टक्.

हेमलताताई दारात होत्या. त्यांनी क्षणभर जाळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोर आणा. विहिरीचा."

जमनी धावली. दोर येताच हेमलताताई खाटेच्या कडेला, त्या लोंबत्या ओझ्याखाली शिरल्या. फाटत चाललेल्या भागाच्या अलीकडे, जिथे धागा चांगला होता, तिथून त्या दोराचं टोक एकेका डोळ्यातून ओवू लागल्या. बोटं न बघता चालत होती. मासळीनं भरलेल्या जाळ्याचं तोंड बांधतात तसं त्यांनी त्या ओझ्याच्या भोवती दोर फिरवला आणि टोक तुळईवरून टाकलं.

"ओढा आता. झटका नको. लाट जशी उचलते तसं ओढा."

मी आणि काळूनं दोर धरला. आधी नुसता दोर आला, काहीच वजन नाही. मग जाळं आवळत गेलं, धागे वळले आणि एकदम सगळं ओझं हातांत आलं. तळहातांची सालटी निघाली. कौलांची ती पिशवी चार बोटं वर उठली. मग आणखी थोडी.

"जमनी!"

तिनं गोधडीची दोन्ही टोकं धरली आणि मागे झुकून ओढली. धर्माबाबा ओरडले नाहीत. गोधडीसकट ते खाटेवरून जमिनीवर आले आणि जमनी त्यांना तशीच ओढत दाराबाहेर घेऊन गेली. हेमलताताई बाहेर पडल्या, मग आम्ही दोर सोडला. पायांकडची सगळी बाजू एकाच झटक्यात उसवली आणि छताचं ते ओझं खाटेवर कोसळलं. खाटेच्या पट्ट्या तुटल्या.

सगळे अंगणात येऊन बसलो. जमनीनं माझ्या तळहातांवर हळद लावली.  मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्यांना आत ठेवलं, ताई."

"हो," मी म्हणाले.  मग तिला सगळं सांगितलं, ऊन, निम्मं जाळं, मी कुठे पाहिलं आणि कुठे पाहिलं नाही. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. फक्त उठली आणि आमच्या दोघींसाठी कोरा चहा टाकला.

हेमलताताई म्हणाल्या, "चूक माझी पण. उन्हातलं जाळं मी समुद्रात नेलं नसतं. घरात बांधायला दिलं."

ती रात्र अंगणातल्या मांडवात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद-पेन घेऊन नव्या जाळ्याचा हिशेब मांडत बसले. दोराची चौकट, दुहेरी थर, किती ढील ठेवायची. हेमलताताई चांगलं जाळं आणायला तयार होत्या. जमनी माझ्या कागदाकडे बघत उभी राहिली.

"ताई, पण कौलं वर कशाला पाहिजेत?"

मी वर पाहिलं.

"खाटेच्या वरची तेवढी काढते," ती म्हणाली. "तिथे गवतानं शाकारते. पूर्वी सगळं घर गवताचंच होतं. पडलं तर गवत पडेल."

दोन वर्षं मी धक्का कसा सोसावा, पडणारं कसं झेलावं याचाच विचार करत होते. जड वस्तू वर ठेवूच नये, हे मला सुचलं नव्हतं. गवताचं छप्परही तंतूंचंच, एकात एक गुंतलेलं, मऊ, हलकं. ते दर पावसाळ्याआधी नव्यानं शाकारावं लागेल, उंदीर येतील, विस्तवाला जपावं लागेल. जमनीनं हे सगळं मला मोजून दाखवलं. "पण ते मी बघेन," ती म्हणाली.

दोन दिवस आम्ही तेच केलं. काळू वर, पाड्यातल्या बाया खाली. कौलं एकेक करून उतरवली. मी तळहातांना फडकी बांधून गवताच्या पेंढ्या वर फेकत होते, आणि माझा नेम चुकला की सगळ्या हसत. नवीन खाट काळूनं विणली. पाचव्या दिवशी दुपारी धर्माबाबांना आत नेलं. उचलताना ते ओरडले. खाटेवर टेकल्यावर घामानं भिजलेल्या चेहऱ्यानं त्यांनी वर बघितलं, बराच वेळ.

मी निरोप घ्यायला त्यांच्याजवळ वाकले होते तेव्हा धक्का आला. लहानच होता. पण जमनीच्या हातातला तांब्या खाली पडला आणि मी खाटेची कड घट्ट धरली. छप्पर सळसळलं. वरून थोडं गवत सुटलं आणि तरंगत तरंगत धर्माबाबांच्या अंगावर आलं.

आम्ही तिघांनीही वर पाहिलं. आणखी काही पडलं नाही.

धर्माबाबांनी छातीवरची एक काडी उचलली, दातांत धरली आणि डोळे मिटले.